उजेडाच्या वाटेवरची प्रथिनं

प्रस्तावना

डोळ्यातल्या भिंगाचा मधला गाभा आपण आईच्या पोटात असतानाच तयार होतो. त्या गाभ्यातल्या पेशी पुढे आपलं केंद्रक आणि बाकीची यंत्रणा टाकून देतात, त्यामुळे त्यांना नवं प्रथिन बनवता येत नाही आणि जुनं काढून टाकताही येत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे 120 दिवसांत बदलतात, त्वचा झडते आणि नवी येते. भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं मात्र जन्मापासून मरेपर्यंत तीच. सत्तरीच्या माणसाच्या डोळ्यात सत्तर वर्षांपूर्वीची प्रथिनं असतात आणि जागेपणाच्या प्रत्येक क्षणी त्यांच्यातून उजेड जात असतो. उजेड आणि ऑक्सिजन एकत्र आले की काही अमिनो आम्लं जळतात, हे रसायनशास्त्राला शंभराहून अधिक वर्षं ठाऊक आहे. असं असताना भिंग सहा-सात दशकं नितळ कसं राहतं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

उत्तराचा गाभा इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला पुढची वाट सोपी जाईल. भिंगात उजेड अडवणारी रसायनं आहेत, ऑक्सिजनचा उपद्रव निस्तरणारी रसायनंही आहेत. पण बचावाचा जो भाग पाठ्यपुस्तकांत फारसा येत नाही तो प्रथिनाच्या आतल्या मांडणीत आहे. एखाद्या अमिनो आम्लाच्या अंगाला कोण लागून बसलंय, किती अंतरावर, कोणत्या कोनात, यावर त्याचं जळणं किंवा वाचणं ठरतं. ट्रिप्टोफॅन नावाचं तेच अमिनो आम्ल पाण्यात सुटं असेल तर उन्हात नासतं आणि नीट घडी पडलेल्या प्रथिनात बसलं असेल तर वर्षानुवर्षं टिकतं. या शेजाराचं रसायन मला गेली कित्येक वर्षं खिळवून ठेवत आलं आहे आणि मराठीत ते सविस्तर कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून हे पुस्तक.

विषय जगभरचा असला तरी पुस्तक लिहिलं गेलं जबलपुरात, आणि त्याची निकड मला वाटली ती गोहलपुरात. दमोह नाका आणि रद्दी चौकीच्या बाजूची ही दाट वस्ती. इथल्या पुष्कळ घरांत बायका बिड्या वळतात. तेंदूपत्ता आदल्या दिवशी भिजवलेला असतो. पानावर पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं चौकोन कापायचा, मांडीवरच्या सुपातली चिमूटभर तंबाखू त्यावर पसरायची, दोन्ही हातांच्या बोटांनी पान वळत न्यायचं, तोंड दुमडून दाबायचं आणि दोऱ्याचे वेढे घालून बीडी बांधायची. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. मजुरी हजारामागे, आणि सट्टेदार, म्हणजे ठेकेदार, मोजून घेताना सैल वळलेल्या बिड्या बाजूला काढतो. त्यामुळे दोरा दिसणं, पानाची शीर दिसणं ही चैन नसते, तो रोजच्या कमाईचा प्रश्न असतो. घरं अरुंद, आत अंधार. म्हणून काम उंबऱ्यावर, ओट्यावर, गल्लीच्या कडेला, जिथे उजेड असेल तिथे. मे महिन्यात एका वृद्ध बाईंना मी म्हटलं, ‘खाला, आत बसा ना, ऊन केवढं आहे.’ त्या मान वर न करता म्हणाल्या, ‘आत दोरा दिसत नाही, मास्टरसाहेब.’ त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि दुसऱ्या बाहुलीत दुधी झाक आली होती.

जबलपूर 23 अंश 10 मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे. कर्कवृत्त शहराच्या उत्तरेला, सिहोऱ्याच्या अलीकडे लागतं. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळपास थेट डोक्यावर असतो आणि पाऊस सुरू होईपर्यंतचे तीन महिने आकाश कोरडं. अशा उन्हात आयुष्य काढणाऱ्या माणसाच्या भिंगावर काय गुदरतं हे सांगताना घाई करून चालत नाही, कारण मोतीबिंदूला कारणं अनेक आहेत: वय, मधुमेह, तंबाखू, स्टिरॉइडची औषधं, निकृष्ट आहार. उन्हातल्या अतिनील किरणांचा संबंध सर्वांत स्पष्ट दिसतो तो भिंगाच्या बाहेरच्या थरात सुरू होणाऱ्या मोतीबिंदूशी. गाभ्यातल्या मोतीबिंदूत वयाचा आणि ऑक्सिडेशनचा वाटा मोठा. गोहलपुरातल्या त्या बाईंचा मोतीबिंदू उन्हानंच आला असं मी म्हणणार नाही. पण 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या माणसांतल्या अंधत्वापैकी 66.2 टक्के मोतीबिंदूमुळे असल्याचं दिसलं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू असलेल्या देशातला हा आकडा आहे. भिंगातलं प्रथिन कसं नासतं हे समजून घेण्याला इतकं कारण पुरे.

आता मूळ रसायन. 1900 च्या सुमारास म्युनिकमध्ये ओस्कार राब हा तरुण विद्यार्थी हेरमान फोन टापाइनर यांच्या हाताखाली अॅक्रिडीन या रंगाचा पॅरामिशियम या एकपेशीय जिवावर होणारा परिणाम तपासत होता. रंगाचं प्रमाण तेच ठेवूनही जीव कधी लवकर मरत, कधी बराच वेळ जगत. फरक होता उजेडाचा. अंधारात रंग जवळजवळ निरुपद्रवी, उजेडात विषारी. पुढे टापाइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यानं दाखवलं की यात ऑक्सिजनही लागतो. रंग, उजेड आणि ऑक्सिजन हे तिघं एकत्र आल्याशिवाय घात होत नाही, हे या शास्त्राचं पहिलं सूत्र.

रंगाचा रेणू प्रकाश गिळतो तेव्हा तो क्षणभर चेतलेल्या अवस्थेत जातो. तिथून दोन वाटा फुटतात. एका वाटेनं तो शेजारच्या अमिनो आम्लाचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि ते लंगडं झालेलं अमिनो आम्ल पुढे ऑक्सिजनशी जोडलं जातं. दुसऱ्या वाटेनं तो आपली ऊर्जा थेट ऑक्सिजनला देतो आणि सिंगलेट ऑक्सिजन हे आक्रमक रूप तयार होतं. पाण्यात त्याचं आयुष्य जेमतेम तीन-चार मायक्रोसेकंदांचं, पण तेवढ्यात तो गाठेल त्याला चावतो. प्रथिनं ज्या वीस अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी पाचच त्याच्या खऱ्या तडाख्यात सापडतात: हिस्टिडीन, ट्रिप्टोफॅन, मेथिओनिन, सिस्टीन आणि टायरोसिन. बाकीची पंधरा बरीचशी सुरक्षित. म्हणून या पुस्तकात ही पाच नावं पुन्हा पुन्हा येतील आणि त्यातही ट्रिप्टोफॅन सर्वांत जास्त, कारण त्याला बाहेरच्या रंगाची गरजही नसते. 280 नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश ते स्वतःच गिळतं आणि 300 च्या किंचित पुढेपर्यंत त्याची शेपटी पोचते.

हे सगळं प्रयोगशाळेशिवाय नाकानं तपासता येतं. काचेच्या दोन स्वच्छ बाटल्या घ्याव्या, दोन्हींत एकाच भांड्यातलं थंड दूध भरावं, एक बाटली ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळावी आणि दोन्ही तासभर उन्हात ठेवाव्या. मग दोन्ही पुन्हा गार करून वास घ्यावा. फॉइलमधलं दूध दुधासारखं असतं. उघड्या बाटलीतल्या दुधाला उकडलेल्या बटाट्याकडे झुकणारा, थोडा करपट वास येतो. हा वास आंबल्याचा नव्हे, जंतूंचा तर नव्हेच. दुधात रायबोफ्लेविन, म्हणजे ब-2 जीवनसत्त्व असतं. पनीर केल्यावर उरणाऱ्या पाण्याला हिरवट-पिवळी छटा येते ती त्याचीच. रायबोफ्लेविन निळा उजेड गिळतं आणि दुधातल्या मेथिओनिनला जाळतं. त्यातून मेथिओनल नावाचा गंधद्रव्याचा रेणू सुटतो आणि आपल्या नाकाला तो अत्यल्प प्रमाणातही कळतो. या खटाटोपात रायबोफ्लेविनही वाचत नाही. पारदर्शक काचेतल्या दुधातलं निम्म्याच्या आसपास जीवनसत्त्व दोन तासांच्या कडक उन्हात जातं. आपल्याकडचा दूधवाला सायकलला ॲल्युमिनियमचे कॅन लावून दूध आणतो, आणि या एका बाबतीत त्याचा कॅन पारदर्शक बाटलीपेक्षा कितीतरी सरस आहे.

आता शेजाराचा चमत्कार बघण्यासाठी दुधावरून अंड्यावर यावं लागेल. हे प्रकरण मला सर्वांत प्रिय आहे आणि वाचकानं घाई असेल तर बाकी सोडून तेवढं वाचलं तरी माझी हरकत नाही.

कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या भागात रायबोफ्लेविन असतं; कच्चं अंडं बशीत फोडून उजेडाकडे धरलं तर त्याची फिकट हिरवी-पिवळी झाक दिसते. सुटं रायबोफ्लेविन अतिनील दिव्याखाली झगझगीत हिरवं-पिवळं चमकतं. पण अंड्यात ते एका खास प्रथिनाच्या खोबणीत धरलेलं असतं आणि त्या खोबणीत शिरलेलं रायबोफ्लेविन चमकणं पार सोडून देतं. 1997 साली त्या प्रथिनाची स्फटिकरचना उलगडली तेव्हा कारण डोळ्यांना दिसलं. रायबोफ्लेविनचं सपाट तिहेरी वलय एका बाजूनं 75 क्रमांकाच्या टायरोसिनच्या आणि दुसऱ्या बाजूनं 156 क्रमांकाच्या ट्रिप्टोफॅनच्या सपाट वलयात दाबून बसवलेलं आहे. तिन्ही वलयं एकमेकांवर चपखल. रायबोफ्लेविननं प्रकाश गिळला की शेजारी लगेच त्याला एक इलेक्ट्रॉन देतो, आणि तो इलेक्ट्रॉन तितक्याच चपळाईनं परत जागेवर येतो. अहमद झेवैल यांच्या प्रयोगशाळेत 2001 साली हा पहिला टप्पा मोजला गेला. तो सुमारे 100 फेमटोसेकंदांत पुरा होतो. एका सेकंदात फेमटोसेकंद किती, तर एकावर पंधरा शून्यं. ऑक्सिजन तिथे पोचायच्या आत सगळा व्यवहार मिटलेला असतो आणि प्रकाशाची ऊर्जा किरकोळ उष्णता होऊन पाण्यात विरून जाते.

यात मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे: टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही दोन्ही त्याच पाच दुबळ्या अमिनो आम्लांतली. पाण्यात सुटी असती तर याच रायबोफ्लेविननं त्यांना जाळलं असतं. इथे ती त्याला इतकी घट्ट चिकटून बसली आहेत की इलेक्ट्रॉनचं देणंघेणं जागच्या जागी फिटतं आणि तिघंही शाबूत राहतात. जे जवळ आल्यानं घात होतो तेच आणखी जवळ आल्यानं बचाव होतो. अंतर आणि कोन यांचा हा हिशेब या पुस्तकाचा कणा आहे.

या प्रथिनावर भारतात फार चांगलं काम झालं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. आर. अडिगा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कोंबडीतलं रायबोफ्लेविनवाहक प्रथिन अनेक वर्षं बारकाईनं अभ्यासलं. त्यांचा रोख गर्भाच्या पोषणावर होता, उजेडावर नव्हे. ज्या कोंबड्यांत हे प्रथिन जन्मजात नसतं त्यांच्या अंड्यांत जीवनसत्त्व उतरत नाही आणि गर्भ उबवणीच्या तेराव्या दिवसाच्या सुमारास मरतो. प्रथिनाचं मूळ काम जीवनसत्त्व गर्भापर्यंत पोचवण्याचं; त्याच्या खोबणीनं ते उजेडापासून झाकलं जाणं हा त्या घट्ट पकडीचाच दुसरा परिणाम.

अंड्यातून पुन्हा भिंगाकडे. भिंगात क्रिस्टॅलिन नावाची प्रथिनं खच्चून भरलेली असतात आणि त्यांपैकी गॅमा-डी क्रिस्टॅलिन गाभ्यात विपुल आहे. त्याच्यात चार ट्रिप्टोफॅन आहेत, क्रमांक 42, 68, 130 आणि 156. चारही प्रथिनाच्या पोटात पुरलेली. सर्वसाधारणपणे प्रथिनाच्या पोटात पुरलेलं ट्रिप्टोफॅन अतिनील प्रकाशात बऱ्यापैकी चमकतं आणि घडी उलगडली की त्याची चमक बदलते किंवा कमी होते. गॅमा-डी क्रिस्टॅलिनमध्ये उलटं घडतं: घडी शाबूत असताना ते मंद आणि उलगडल्यावर उजळ. अमेरिकेतल्या एमआयटीत जॉनथन किंग यांच्या गटानं, पॅट्रिक कॅलिस या सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञाच्या साथीनं, या उलट्या वागण्याचा पाठपुरावा केला आणि 2009 पर्यंत त्याची उकल केली. 68 आणि 156 या दोन ट्रिप्टोफॅनांच्या चेतलेल्या वलयातून इलेक्ट्रॉन उडी मारून प्रथिनाच्याच कण्यातल्या जवळच्या कार्बोनिल गटावर जातो आणि लगेच परततो. भोवतालच्या भारांची आणि पाण्याच्या मोजक्या रेणूंची मांडणी ही उडी सोपी करते. उरलेली दोन, 42 आणि 130, आपली ऊर्जा बरीचशी या दोघांकडे सरकवतात.

सुटं ट्रिप्टोफॅन चेतल्यावर सुमारे तीन नॅनोसेकंद तसंच राहतं. ऐकायला हा काळ क्षुल्लक, पण त्या अवधीत त्याचा इलेक्ट्रॉन कायमचा निसटू शकतो, किंवा ते आणखी दीर्घायुषी अवस्थेत घसरून ऑक्सिजनला चेतवू शकतं. तापलेलं भांडं कुणाचा हात लागायच्या आत पाण्यात बुडवावं तसं गॅमा-डी क्रिस्टॅलिन आपल्या ट्रिप्टोफॅनना नॅनोसेकंदाच्या लहानशा अंशातच शांत करतं. किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलं की क्रिस्टॅलिनची ही विशिष्ट घडी उत्क्रांतीत टिकून राहण्याचं एक कारण हे संरक्षण असावं. मला ही सूचना पटते, कारण हीच चार ट्रिप्टोफॅनांची मांडणी या कुळातल्या इतर प्रथिनांतही जपलेली दिसते. उत्क्रांतीचा हेतू सिद्ध करणं अवघड असतं, तेव्हा पुस्तकात ती सूचना म्हणूनच आली आहे.

मेथिओनिनची कथा थोडक्यात आटोपतो. त्याच्या शेपटीतला गंधक ऑक्सिजनला सहज भुलतो. पण प्रथिनांच्या रचनांचा धांडोळा घेतल्यावर दिसलं की मेथिओनिनचा गंधक पुष्कळदा ट्रिप्टोफॅन, टायरोसिन किंवा फिनाइलअॅलॅनिनच्या वलयाला टेकून बसलेला असतो. माहीत असलेल्या रचनांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शात अशी जोडी सापडते. ती प्रथिनाच्या घडीला बळकटी देते, आणि अशा जोडीतलं मेथिओनिन उघड्यावरच्या मेथिओनिनपेक्षा सावकाश ऑक्सिडाइझ होतं असं आढळलं आहे. काही एन्झाइमांत टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन यांची रांगच असते. मधल्या भागात इलेक्ट्रॉनची तूट झाली तर ती हातोहात पृष्ठभागाकडे सरकवली जाते आणि तिथे भरून निघते. हॅरी ग्रे आणि जे विंकलर यांनी 2015 साली ही कल्पना मांडली. त्यावर वेगळं प्रकरण आहे. ते थोडं कठीण आहे, पण गाळावंसं वाटलं नाही.

भिंगाची बाहेरची तटबंदीही सांगायला हवी. सुमारे 295 नॅनोमीटरच्या आतला प्रकाश डोळ्याचं पारपटलच थांबवतं. 300 ते 400 मधला बराच भाग भिंगात विरघळलेली पिवळसर रसायनं गिळतात. त्यांतलं मुख्य 3-हायड्रॉक्सीकायन्युरेनिन ग्लुकोसाइड, आणि ते शरीर बनवतं ट्रिप्टोफॅनपासून. ज्या अमिनो आम्लाला उजेडापासून जपायचं त्याचाच मोडून केलेला पडदा. या पडद्याच्या रेणूतला हायड्रोजन बंध आणि भोवतालचं पाणी मिळून गिळलेली ऊर्जा पिकोसेकंदांत उष्णतेत उतरवतात, म्हणून तो स्वतः कुणाला जाळत नाही.

पण ट्रिप्टोफॅन उजेडानं मोडलं तर जे बनतं ते एन-फॉर्मिलकायन्युरेनिन, नावानं आणि बांधणीनं वरच्या रसायनाचा जवळचा नातलग, आणि वागणं अगदी विरुद्ध. हैदराबादच्या पेशी आणि रेणवीय जीवविज्ञान केंद्रातले दोरैराजन बालसुब्रमणियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 साली भिंगातल्या या घटकांची उजेडातली घातकता एकेक करून तपासली. हायड्रॉक्सीकायन्युरेनिन जवळजवळ निरुपद्रवी ठरलं. एन-फॉर्मिलकायन्युरेनिन मात्र सिंगलेट ऑक्सिजन बनवण्यात तरबेज निघालं. म्हणजे एक ट्रिप्टोफॅन जळालं की त्याच्या जागी पुढच्यांना जाळणारा रेणू येऊन बसतो, आणि तोही प्रथिनाच्या आत, बाकीच्या शेजाऱ्यांना लागून. पुढे बालसुब्रमणियन यांनी हैदराबादच्याच एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डोळ्यावरचं संशोधन चालू ठेवलं. गोहलपुरात जे दिसतं त्याच्याशी सर्वांत जवळचं रसायन माझ्या मते हेच.

वय वाढतं तशी मांडणी ढळते. पाण्याच्या संथ क्रियेनं काही अमिनो आम्लांवरचे भार बदलतात, ऑक्सिजनचा उपद्रव निस्तरणारं ग्लुटाथिओन गाभ्यात पोचेनासं होतं, पिवळी रसायनं विरघळलेली न राहता प्रथिनांना कायमची चिकटतात आणि भिंग आधी पिवळं, मग तपकिरी होतं. क्रिस्टॅलिनची घडी किंचित सैल पडली तरी ट्रिप्टोफॅन आणि कार्बोनिल यांच्यातलं अंतर बदलतं आणि ती विजेची चपळाई मंदावते. अर्धवट उलगडलेली प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळे होतात, उजेड विखुरतो, आणि बाहुलीत ती दुधी झाक दिसू लागते. भिंगात अल्फा क्रिस्टॅलिन हे अशा ढासळत्या प्रथिनांना सावरून धरणारं प्रथिन आहे, पण त्याचा साठाही जन्माचाच. तो संपत जातो.

एक प्रकरण डोळ्याचं नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला तोंडानं दूध देता येत नाही तेव्हा अमिनो आम्लं आणि जीवनसत्त्वं शिरेतून देतात. त्या मिश्रणात रायबोफ्लेविन असतं, आणि याच बाळांना कावीळ झाली की निळ्या दिव्याखाली ठेवलं जातं. दुधाच्या बाटलीत जे घडलं तेच इथे सलाइनच्या नळीत घडतं. 1980 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जीवनसत्त्वं मिसळलेल्या अशा द्रावणातलं ट्रिप्टोफॅन काविळीच्या दिव्याखाली घटल्याचं दिसलं, आणि अशा द्रावणात पेरॉक्साइडं तयार होतात हेही पुढे स्पष्ट झालं. बाटलीत अमिनो आम्लं सुटी असतात. त्यांना घडी नाही, खोबणी नाही, शेजार नाही. म्हणून आपल्याला बाहेरून आडोसा करावा लागतो. 2019 साली युरोपच्या औषध नियामक संस्थेनं दोन वर्षांखालच्या मुलांना दिल्या जाणाऱ्या अशा द्रावणाची बाटली आणि नळी उजेडापासून झाकण्याची सूचना काढली. अपारदर्शक पिशवी आणि रंगीत नळी यांना फार खर्च येत नाही. नवजात बाळांच्या कक्षात काम करणाऱ्या मराठी परिचारिकांनी आणि डॉक्टरांनी निदान हे प्रकरण वाचावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मराठीत आणि जबलपुरातून का, असं काहींनी विचारलं. हे शहर 1817 पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होतं आणि 1956 पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. गोंदियाहून येणारी सातपुड्याची छोटी रेल्वे अलीकडेपर्यंत धावत होती. भंडारा-गोंदियाच्या जंगलातला तेंदूपत्ता आणि तिथल्या बिड्या वळणाऱ्या बायका यांचं जगणं गोहलपुरापेक्षा फार निराळं नाही. हे पुस्तक त्यांच्या मुलामुलींच्या हाती पडावं, जे आज नागपूर-गोंदियाच्या कॉलेजांत रसायनशास्त्र शिकत आहेत. त्यांना बारावीचं रसायन पुरेल. क्वांटम यांत्रिकीची समीकरणं मी परिशिष्टात ढकलली आहेत.

एक सावधगिरी. 2015 साली लॅनोस्टेरॉल या रसायनानं क्रिस्टॅलिनचे गोळे सुटे होतात असं प्रसिद्ध झालं आणि मोतीबिंदू विरघळवणारे थेंब आले अशा बातम्या पसरल्या. त्याच वर्षी भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी भिंगांच्या गाभ्यांवर ते वापरून पाहिलं; काही फरक पडला नाही. तरी असे थेंब आजही विकले जातात आणि गरीब माणसं ते घेतात, त्यात ऑपरेशन लांबतं. ढळलेली मांडणी औषधानं पूर्ववत करण्याची विद्या अजून कुणाला साधलेली नाही. वाचकानं या पुस्तकातून कुठलाही घरगुती इलाज शोधू नये. उन्हात काम करणाऱ्यानं रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरून पुढे ओढलेला पदर आणि अतिनील अडवणारा चष्मा वापरावा, तंबाखू सोडावी, आणि भिंग गढूळ झालं तर शस्त्रक्रिया करून घ्यावी. ती आज सुरक्षित आणि थोड्या वेळाची आहे.

त्या शस्त्रक्रियेत गढूळ भिंग काढून प्लास्टिकचं भिंग बसवतात. 1980 च्या दशकापासून त्या प्लास्टिकच्या साखळीतच अतिनील गिळणारे रेणू जोडलेले असतात, कारण भिंग गेलं की मागचं दृष्टिपटल उघडं पडतं. हे रेणू प्रकाश गिळतात, त्यांच्यातला एक हायड्रोजन रेणूतल्या रेणूत जागा बदलतो, ऊर्जा उष्णता होते आणि हायड्रोजन परत आपल्या जागी येतो. मूळ भिंगात ट्रिप्टोफॅनपासून बनलेला पिवळा पडदा हायड्रोजन बंधांच्या आधारानं ऊर्जा अशीच उतरवत होता. पहिल्या प्रकरणात या दोन्ही रेणूंच्या आकृत्या शेजारी शेजारी दिल्या आहेत.